मकबूल : स्कॉटलंडची गादी मुंबईत नेमकी कुठे सापडली

आमच्या नाशिकच्या हौशी नाटक ग्रुपमध्ये यंदा शेक्सपिअरचं मॅकबेथ करायचं घाटतंय, आणि तेही आजच्या काळातलं. पहिल्या दोन बैठकांमध्ये जे झालं ते बहुतेक ग्रुपांमध्ये होत असणार, म्हणजे कोणीतरी म्हणालं तलवारीच्या जागी पिस्तूल घेऊ, दुसरा म्हणाला मॅकबेथ बायकोला पत्र पाठवतो तिथे व्हॉट्सअ‍ॅप दाखवू, तिसऱ्याने चेटकिणींना न्यूज चॅनलच्या अँकर करून टाकलं, आणि सगळे खुश. मी वीसेक वर्षं या ग्रुपचे लाईट्स बघतोय, मध्ये फार बोलत नाही, पण या वेळेला म्हटलं थांबा रे पोरांनो, आधी मकबूल बघू आणि मग बोलू. एका मित्राच्या हॉलमध्ये भिंतीला पांढरी चादर लावून प्रोजेक्टरवर शनिवारी रात्री आम्ही नऊ जणांनी मिळून तो बघितला. त्यातली दोन पोरं पिक्चर आला तेव्हा जन्मालाही आली नव्हती. संपल्यावर पाच एक मिनिटं कोणी दिवा लावायला उठलं नाही. तेव्हापासून डोक्यात तोच चाललाय म्हणून हा रिव्ह्यू लिहितोय. गोष्ट शेवटपर्यंत सांगणार आहे, तेव्हा ज्यांना कोरं राहून बघायचाय त्यांनी आधी बघून या.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विशाल भारद्वाजचा हा पिक्चर २००३ चा, आपल्याकडे थिएटरला लागला २००४ च्या जानेवारीत. त्याचा हा दुसराच सिनेमा, त्याआधी मकडी, आणि त्याच्याही आधी तो संगीतकार म्हणून माहीत होता. पटकथा त्याची आणि अब्बास टायरवालाची, गाणी गुलजारची. पुढे त्याने ऑथेल्लोवरून ओमकारा आणि हॅम्लेटवरून हैदर केला ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण माझ्या मते नाटकाची हाडं सगळ्यात नीट ओळखली गेलीत ती मकबूलमध्येच. मूळ नाटकात स्कॉटलंडचा सरदार मॅकबेथ चेटकिणींच्या भविष्यवाणीने आणि बायकोच्या चिथावणीने राजा डंकनचा खून करून गादीवर बसतो, आणि ज्याच्या वंशाला पुढे राज्य मिळणार असं भाकीत असतं त्या सोबत्याला, बँकोला, पण मारवतो. इथे गोष्ट मुंबईच्या अंडरवर्ल्डची. जहांगीर खान म्हणजे अब्बाजी हा म्हातारा डॉन, पंकज कपूर. त्याचा उजवा हात मकबूल, इरफान खान. अब्बाजीने ठेवलेली, त्याच्यापेक्षा खूप लहान असलेली निम्मी, तब्बू. काका म्हणजे बँको, पियुष मिश्रा. आणि चेटकिणींच्या जागी दोन पोलीस इन्स्पेक्टर, पंडित आणि पुरोहित, म्हणजे ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह.

मी पहिल्यांदा २००४ मध्येच बघितला होता, दुपारच्या शोला, अर्धंही थिएटर भरलेलं नव्हतं आणि साउंड इतका खराब की अब्बाजी काय पुटपुटतोय ते निम्मं कळलंच नाही. तरी बाहेर आल्यावर चहा प्यायला थांबलो आणि चहा गार झाला. तेव्हा नुसतं वाटलं होतं की काय अभिनय आहे. या वेळेला, समोर स्वतःचं नाटक उभं करायचा प्रश्न असताना बघितला तेव्हा कळलं की खरं काम अभिनयाच्या कितीतरी आधी झालंय, लिहितानाच झालंय.

आमच्यातला एक मुलगा पहिल्या बैठकीत म्हणाला होता की आपण मॅकबेथ गावच्या सरपंचपदाच्या निवडणुकीत बसवू. आयडिया ऐकायला छान वाटते. दुसऱ्याने कॉर्पोरेट कंपनी सुचवली, सीईओची खुर्ची वगैरे. आता बघा, सरपंच पाच वर्षांनी बदलतो, मतं फिरवता येतात, अविश्वास ठराव आणता येतो, आणि कंपनीतला साहेब रिटायर होतो किंवा राजीनामा देतो. म्हणजे खून करायची गरजच नाही, आणि खून केला तरी तो नाटकाला चिकटवलेला वाटणार. मॅकबेथमध्ये गादी अशी आहे की ती रिकामी व्हायला बसलेला माणूस मरावाच लागतो. त्याच्याभोवती सगळे मिठाला जागणारे असतात, शब्द दिलेला असतो, आणि त्याच्यानंतर कोण हे रक्ताच्या नात्याने ठरतं. आजच्या हिंदुस्थानात अशी जागा कुठे आहे? जिथे मत नाही, निवृत्ती नाही, कोर्टात दाद मागता येत नाही, आणि वफादारी हाच एकमेव कायदा आहे. ती जागा गँगमध्ये आहे. गुन्हेगारी टोळीत मॅकबेथ बसवणारा भारद्वाज पहिला नाही हेही सांगायला पाहिजे, १९५५ मध्येच जो मॅकबेथ नावाचा गँगस्टर पिक्चर येऊन गेलाय. पण मुंबईच्या टोळीत त्याने जे घर दाखवलंय, एकाच छताखाली जेवणारं, नमाज पढणारं, लग्नाच्या तयाऱ्या करणारं, त्याच्यामुळे ते राज्य वाटतं. निव्वळ धंदा असता तर गादी वाटली नसती.

आणि त्या राज्याच्या राजाला सगळे अब्बाजी म्हणतात. बाप! मूळ नाटकात डंकन हा मॅकबेथचा नातेवाईक आहे, राजा आहे आणि त्या रात्री त्याच्या घरचा पाहुणा आहे, त्यामुळे मॅकबेथ स्वतःच म्हणतो की माझ्यावर दुहेरी विश्वास टाकलाय त्याने. एकविसाव्या शतकातल्या प्रेक्षकाला राजाला मारणं म्हणजे किती मोठं पाप हे पोटातून कळणार नाही, आपल्याला राजेच नाहीत. पण ज्याने लहानाचा मोठा केला त्याला मारणं हे कोणालाही कळतं. त्या एका हाकेत राजहत्येचं वजन आलं. रूपांतर करणाऱ्याने एवढं जरी शिकून घेतलं तरी पुरे आहे की मूळ नाटकातली कुठली गोष्ट त्या काळच्या माणसाच्या अंगावर काटा आणत होती, आणि तोच काटा आज कशाने येईल.

वारसाचं पण तसंच. नाटकात डंकन सगळ्यांसमोर थोरल्या मुलाला, माल्कमला, युवराज म्हणून जाहीर करतो आणि मॅकबेथला त्या क्षणी कळतं की वाट अडली. मकबूलमध्ये अब्बाजीला मुलगा नाही. मुलगी आहे, समीरा, आणि ती काकाच्या मुलाच्या, गुड्डूच्या प्रेमात आहे. दोघांचं लग्न ठरतं आणि एका झटक्यात काकाचा पोरगा जावई म्हणून वारस होतो. म्हणजे माल्कम आणि बँकोचा मुलगा फ्लीन्स या दोघांचं काम एकाच जोडप्यात बसलं. दोन पात्रं वाचली एवढंच नाही, मकबूलला अब्बाजी आणि काका दोघांवरही एकाच कारणाने वाकडी नजर जायला लागली. नाटकात बँकोला मारायचं कारण वेगळं काढावं लागतं, भविष्यवाणीची आठवण करून द्यावी लागते. इथे लग्नाचा मांडवच ते कारण आहे. मी प्रोजेक्टर थांबवून हे पोरांना सांगितलं तर मला गप्प बसवलं गेलं, बरोबरच होतं त्यांचं.

आता निम्मी. हिच्याबद्दल लिहायला बसलो तर हात थांबणार नाही.

लेडी मॅकबेथ ही बायको आहे. नवऱ्याला राजा करायचाय, म्हणजे ती राणी होणार. शिकवताना सगळीकडे तिची महत्त्वाकांक्षा, महत्त्वाकांक्षा असं चालतं आणि मग ती करणारी मुलगी स्टेजवर डोळे मोठे करून फिरते, हे मी कितीदा बघितलंय. भारद्वाजने केलेला सगळ्यात मोठा बदल म्हणजे तिला मकबूलची बायको ठेवलंच नाही. ती अब्बाजीची आहे. रोज रात्री तिला त्या म्हाताऱ्याच्या खोलीत जावं लागतं आणि दारापर्यंत मकबूल असतो. त्यामुळे गादी हवी की बाई हवी हे दोन प्रश्न वेगळे राहतच नाहीत. अब्बाजी जिवंत आहे तोपर्यंत यातलं काहीच मिळणार नाही. त्यात अब्बाजीच्या आयुष्यात नवी कोवळी नटी येते, मोहिनी, आणि निम्मीला स्वतःचं पुढचं दिसतं. तिचं तिथे काय होणार? लग्नाची बायको नाही, मूल नाही, वय वाढणार. तिच्यासाठी हा खून म्हणजे जिवंत राहायची धडपड आहे आणि प्रेमही आहे, आणि दोन्ही खरं आहे. तब्बू हे इतक्या साधेपणाने करते की कधी ती वापरून घेतेय आणि कधी विनवतेय यातली रेघ दिसत नाही. समुद्राच्या कडेला ती मकबूलवर पिस्तूल रोखते आणि त्याच्याकडून मेरी जान म्हणवून घेते तो सीन आठवा. हसतेय, खेळतेय, आणि हातात पिस्तूल आहे. चिथावणीचं लांबलचक भाषण लागतच नाही.

दर्ग्याला चालत जातानाचा प्रसंग तर मी परत लावून बघितला. तिच्या पायात काटा, अनवाणी चाललीये, अब्बाजी पुढे, आणि मकबूल शेजारून चालतोय पण सगळ्यांसमोर हात धरता येत नाही. मागे रू-ब-रू वाजतंय. आमच्यातली जी मुलगी लेडी मॅकबेथ करणार आहे ती एवढंच म्हणाली, सर, हिला काहीतरी दुखतंय हे आधी दिसतं, मग ती वाईट वागते. मला वाटतं भूमिकेची किल्ली तिला मिळाली.

आणि पोटातलं मूल. नाटकात लेडी मॅकबेथ म्हणते की मी बाळाला दूध पाजलंय, पण मूल कुठेच दिसत नाही, आणि मॅकबेथला तर हीच खंत की आपल्या हातात वांझ राजदंड दिलाय, आपण पाप करायचं आणि राज्य बँकोच्या पोरांनी करायचं. या जागेवरून अभ्यासकांनी कागद भरून काढलेत. पिक्चरमध्ये निम्मी गरोदर राहते आणि ते मूल कोणाचं, अब्बाजीचं की मकबूलचं, हे ठामपणे सांगता येत नाही. नाटकात जे मूल नाही त्याची पोकळी होती, इथे मूल आहे आणि त्याच्याभोवती शंका आहे. शेवटी निम्मी वेडसर होऊन भिंतीवरचं नसलेलं रक्त पुसत राहते, आपलं प्रेम तर पाक होतं ना असं मकबूलला विचारते, आणि त्याच्या मिठीत जाते. मूळ नाटकात तिच्या मरणाची बातमी पडद्यामागून येते, एका ओळीत. इथे ते समोर घडतं आणि मला हे जास्त बरोबर वाटलं, कारण या गोष्टीत गादीपेक्षा ती मोठी आहे.

मग मकबूल हॉस्पिटलमध्ये जातो, मूल घेऊन पळायच्या इराद्याने, हातात पिस्तूल. आणि काचेपलीकडे बघतो तर समीरा आणि गुड्डूने त्या बाळाला जवळ घेतलंय. ज्यांच्या दोघांच्या बापांना त्याने मारलं ते त्याचं मूल छातीशी धरून उभे आहेत. तिथे इरफान काहीही करत नाही. चेहऱ्यातलं काहीतरी सुटतं, हातातलं पिस्तूल सुटतं, आणि तो बाहेर चालायला लागतो. बँकोचा वंश पुढे चालणार ही चेटकिणींची भविष्यवाणी आठवते का? ती इथे अशी खरी झाली, काकाच्या पोराच्या हातातल्या बाळाने. मूळ नाटक १६०६ च्या सुमाराचं, तेव्हा गादीवर असलेला पहिला जेम्स स्वतःला बँकोच्या वंशातला मानायचा, त्यामुळे शेक्सपिअरने तो धागा राजाला खूश करेल असा विणला होता. चारशे वर्षांनंतर त्या धाग्याचं आपल्याला काय? तर हे. मॅकबेथ शेवटी लढत मरतो, मकबूल लढायचं सोडून देतो आणि बाहेर बोटी त्याला गोळी घालतो. बोटी म्हणजे मॅकडफ, नाटकात मॅकबेथला शेवटी मारणारा, इथे अंकुर विकल. मला विचाराल तर सगळ्या सिनेमातला सगळ्यात धाडसी बदल हा आहे, आणि नाटकाशी सगळ्यात इमानदारही हाच.

पोलिसांबद्दल. सुरुवातीलाच पावसात उभी असलेली गाडी, आणि पंडित बोटाने काचेवर कुंडली काढतोय. मुंबईची कुंडली. मागे बसवलेल्या माणसाला गोळी घातली जाते आणि रक्त त्या कुंडलीवर उडतं. पहिल्या दोन मिनिटांत कळतं की इथे भविष्य सांगणारे आणि भविष्य घडवणारे एकच आहेत. शेक्सपिअरच्या काळात चेटकिणी म्हणजे लोकांच्या रोजच्या भीतीतली गोष्ट होती, खुद्द राजा जेम्सने चेटकावर पुस्तक लिहिलेलं, १५९७ साली. आज स्टेजवर तीन बायका कढईभोवती नाचवल्या तर प्रेक्षक नेपथ्याचं कौतुक करतो, घाबरत नाही. पण एन्काउंटरच्या काळातल्या मुंबईत कोण जगणार आणि कोण मरणार हे ज्यांना आधीच माहीत असायचं ती माणसं कोण होती? शेजारच्या कोणालाही विचारा. पंडित आणि पुरोहित या नावांतच सगळं आलं, कुंडली मांडणारा आणि विधी लावणारा. ते मकबूलला सांगतात की फिल्म इंडस्ट्रीचा कारभार तुझ्याकडे येणार, पुढे अब्बाजीची जागा पण, आणि मग दोन्ही बाजूंना थोडं थोडं ढकलत राहतात. त्यांचं तत्त्वज्ञान एका वाक्यात आहे, आग के लिए पानी का डर बने रहना चाहिए. एक टोळी फार मोठी झाली की दुसरी वर आणायची. संतुलन. यात त्यांचा राग नाही, लोभही फार नाही, आणि म्हणूनच ते भीतीदायक आहेत. नाटकातला दारुडा द्वारपाल येऊन जो हलकेपणा आणतो तोही याच दोघांकडे आलाय, हसवतात आणि हसता हसता माणूस संपवतात.

एकच जागा जिथे मला वाटलं की वा, याहून चांगलं सुचणं शक्य नाही, ती म्हणजे बर्नमच्या जंगलाची. नाटकात चेटकिणी म्हणतात की जंगल चालत किल्ल्यापर्यंत येईल तेव्हाच तू हरशील, आणि सैनिक झाडांच्या फांद्या तोडून पुढे धरून येतात. मुंबईत जंगल कुठून आणणार? समुद्र आणला. समुद्र घरापर्यंत आला तर सांभाळ असं पंडित सांगतो आणि मकबूलला वाटतं समुद्र कसा येईल घरात. मग समुद्रावर पहारा ठेवणारी सरकारी माणसं घरात घुसतात. ज्या शहराचं पोट समुद्रावर, ज्या धंद्याचा माल समुद्रातून, त्याचा शेवट समुद्राने. अशी जागा सापडते तेव्हा समजायचं की रूपांतर मुळापर्यंत गेलंय. आणि बाईच्या पोटी न जन्मलेला माणूस वगैरे दुसरी भविष्यवाणी सरळ सोडून दिली, ओढूनताणून बसवली नाही, हेही तितकंच आवडलं.

खुनाच्या रात्रीवर नाटकात हवेतला खंजीर आहे. इथे लग्नघर आहे, आणि मकबूलला अंगणात रक्त दिसायला लागतं. लग्नाच्या जेवणासाठी जिथे खरोखरच बोकड कापले जाणार त्या घरात रक्त दिसणं किती साधं आहे, आणि म्हणून किती वाईट. मेजवानीतल्या भुताच्या जागी काकाचं प्रेत घरी आणलंय, सगळे रडतायत आणि मकबूलला ते प्रेत आपल्याकडे बघतंय असं वाटतं. लाईट्सवाला म्हणून बोलायचं तर हेमंत चतुर्वेदीचा कॅमेरा त्या घरात उजेड फार जपून वापरतो. अर्धा चेहरा, एखादा पिवळा दिवा, बाकी काळोख काळोखच ठेवलाय, उगाच निळा उजेड मारलेला नाही. आमच्याकडे रात्र म्हटली की निळी जिलेटिनं, म्हणजे दिव्यांवर लावायचे रंगीत कागद, निघतात, ती या वेळी काढायची नाहीत असं मी स्वतःशी ठरवलंय.

अभिनयाबद्दल सगळ्यांनी लिहून झालंय तरी पंकज कपूरबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मान खाली, जाडजूड अंग, आवाज घशाच्या तळातून आणि तोंडातल्या तोंडात, माणसाला ऐकायला जवळ यावं लागतं. सत्ता असलेल्या माणसाला ओरडावं लागत नाही हे त्याने नुसत्या आवाजाने दाखवलं. त्या वर्षीचं सहाय्यक अभिनेत्याचं राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळालं ते योग्यच. आणि एक गोष्ट आमच्यासारख्या नाटकवाल्यांनी ध्यानात घ्यावी, पंकज कपूर, इरफान, ओम पुरी, नसीर, पियुष मिश्रा, सगळे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून आलेले. स्टेजवर घासलेली माणसं कॅमेऱ्यासमोर किती कमी करतात बघा. २०१७ मध्ये ओम पुरी गेले, २०२० मध्ये इरफान गेला. पुरोहितशेजारी पंडित उभा दिसला की आता गलबलून येतं.

भाषेचा प्रश्न मात्र उरतो. मॅकबेथमधलं काव्य गेलं. उद्या, आणि उद्या, आणि उद्या हे स्वगत इथे नाही. जपानी दिग्दर्शक कुरोसावाने १९५७ च्या पिक्चरमध्ये जपानी सरदारांच्या काळात हीच गोष्ट नेली तेव्हा त्यानेही शेक्सपिअरचे शब्द ठेवले नव्हते, आणि काव्य धुक्यात, जंगलात, बाणांत शोधलं. इथे ते इरफानच्या गप्प बसण्यात आहे आणि अब्बाजीच्या उर्दूत आहे. मुंबई ही आपली महबूबा आहे, तिला सोडून दुसरीकडे बसायचं नाही, अशा अर्थाचं तो जे बोलतो त्यात मला राजाचं बोलणं ऐकू आलं. तरी माझं मन नाटकाचं आहे. मकबूलच्या आत काय चाललंय ते एकदा तरी त्याच्या तोंडून ऐकायला मिळायला हवं होतं. मॅकबेथ आपल्याला जवळचा वाटतो कारण पाप करायच्या आधी तो आपल्याशी बोलतो. इरफानचे डोळे खूप सांगतात, पण सगळं नाही सांगत.

दुसरी तक्रार उत्तरार्धाची. खून होईपर्यंत पिक्चर जितका धीराने चालतो तितका नंतर चालत नाही. गादीवर बसलेला मकबूल राज्य कसं करतो, त्याच्या हाताखाली माणसं कशी घाबरून जगतात, हे फार कमी दिसतं. नाटकात स्कॉटलंड रक्ताळतंय हे इतर पात्रांच्या तोंडून सतत येत राहतं, त्यामुळे मॅकबेथ जुलमी झाला हे पटतं. इथे तो चढला आणि लगेच ढासळायला लागला असं वाटतं. गुड्डू आणि समीराचं प्रेम पण वरवरचं राहिलंय, गाण्यापुरतं, आणि शेवटाचा सगळा भार त्याच दोघांवर आहे म्हणून ते जास्त खटकतं. तिथे दहा मिनिटं अजून दिली असती तर चाललं असतं.

आपल्याकडे काही जण म्हणतात की शेक्सपिअरला असं देशी कपड्यांत घालणं म्हणजे भेसळ. त्यांना आपल्याच रंगभूमीचा विसर पडलाय. आगरकरांनी १८८३ मध्ये हॅम्लेटचं विकारविलसित केलं, देवलांनी ऑथेल्लोचा झुंझारराव केला, आणि ज्यांच्या गावात बसून मी हे लिहितोय त्या शिरवाडकरांनी १९५४ मध्ये मॅकबेथवरूनच राजमुकुट लिहिलं. मराठी प्रेक्षकाने डेन्मार्क, व्हेनिस, स्कॉटलंड आपल्या भाषेत आणि आपल्या नावांनी ऐकलेलं आहे. भारद्वाजने एक पाऊल पुढे टाकलं, त्याने जुना काळ निवडला नाही, वर्तमानपत्रातली मुंबई निवडली. जुन्या काळात नेलं की राजे, तलवारी, शपथा फुकटात मिळतात. आजच्या काळात प्रत्येक गोष्टीसाठी नवी जागा शोधावी लागते.

बघायचा कसा, तर हेडफोन लावा किंवा सबटायटल्स चालू ठेवा, अब्बाजीचं आणि पोलिसांचं बोलणं चुकवू नका. रात्री बघा, दिवे बंद करून, कारण अर्धा पिक्चर काळोखात आहे आणि उजेडात मोबाईलवर काहीच दिसणार नाही. सव्वादोन तासांच्या आसपास आहे, मध्ये थांबवू नका (मी थांबवला तशी चूक करू नका). नाटक आधी वाचलेलं असायला पाहिजे असं अजिबात नाही, पण वाचलेलं असेल तर पहिल्यांदा विसरून बघा आणि दुसऱ्यांदा पुस्तक शेजारी ठेवून बघा. लहान मुलांसोबत नको. पाचपैकी साडेचार देईन, अर्धा त्या घाईत संपलेल्या राज्यासाठी कापला.

आमचं कुठपर्यंत आलंय विचाराल तर सरपंच गेला, सीईओ गेला, न्यूज चॅनल पण गेलं. रविवारी परत बसणार आहोत. प्रत्येकाने एकच गोष्ट लिहून आणायची असं ठरलंय, आपल्या आजूबाजूला अशी कुठली जागा आहे जिथला माणूस मेल्याशिवाय खुर्ची सुटत नाही आणि ज्याला सगळे बापाच्या नावाने हाक मारतात. लेडी मॅकबेथ करणाऱ्या मुलीचा काल रात्रीच फोन आला, तिला एक सुचलंय म्हणे, तिच्या आजोळच्या वाड्यातलं, पण फोनवर सांगायला तयार नाही.